सत्तरला स्वच्छ, तीनशेला धूसर

फेब्रुवारीत सलग तीन रविवार पहाटे नवी मुंबईत नेरुळच्या टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीवर गेलो. समोर चिखलात रोहित पक्ष्यांचा थवा, आणि माझ्या साध्या डीएसएलआरवरची ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स (सत्तरला दृश्य रुंद, तीनशेला पक्षी सर्वांत जवळ) फोकस शोधत नुसती घरघरत पुढे-मागे फिरायची. तीनशेला फोकस बसला असं वाटून काढलेले फोटोही घरी मोठे करून पाहिले की पिसं पुसट. सत्तर मिलिमीटरचे मात्र सगळे स्वच्छ. दुकानदार म्हणाला, लेन्स बदला. एवढे पैसे घालण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते मला पाहायचं होतं.

घरघर लवकर थांबली. कॅमेरा चौकटीत जिथे-जिथे फोकस धरू शकतो ते सगळे बिंदू चालू ठेवले होते, ते बंद करून फक्त मधला ठेवला. तीनशेला या लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र एफ ५.६ पेक्षा मोठं उघडत नाही (एफचा आकडा जेवढा मोठा तेवढं छिद्र लहान), आणि तेवढ्या कमी उजेडात माझ्या कॅमेऱ्याचा मधलाच बिंदू भरवशाचा आहे. तोही फिकट अंगावर न धरता गडद चोचीच्या कडेवर धरायचा, कारण फोकसला उजेड-अंधाराचा फरक लागतो. ऊन चढल्यावर चिखलावरची हवा थरथरते, तेव्हा कॅमेरा पिशवीत ठेवलेलाच बरा.

तरी पुसटपणा राहिलाच. मग घरच्या पॅसेजमध्ये सहा मीटरवर काडेपेट्यांची तिरकी रांग मांडली, एकीमागे एक, पाच-पाच सेंटिमीटर सोडून. कॅमेरा ट्रायपॉडवर, टायमर लावून, फोकस मधल्या पेटीवर. कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावून काढलेल्या दहाही फोटोंत तिच्या अलीकडची दुसरी पेटी स्पष्ट. तेच लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहून, काढलं तर मधली अगदी लख्ख! म्हणजे काच चांगली होती. डोळा लावून पाहतो तेव्हा फोकस आरशाखालचा वेगळा सेन्सर मोजतो, लाइव्ह व्ह्यूत मुख्य सेन्सरच मोजतो. चूक त्या पहिल्या वाटेत होती. सत्तरला ती दिसत नव्हती, कारण सहा मीटरवर तिथे जवळजवळ दीड मीटरचा पट्टा स्पष्ट येतो. तीनशेला जेमतेम नऊ सेंटिमीटरचा.

महागड्या कॅमेऱ्यांत ही चूक मेनूतून सुधारता येते, माझ्यात ती सोय नाही. म्हणून कॅमेऱ्याची बॉडी आणि लेन्स दोन्ही सर्व्हिस सेंटरला दिली. एकटी लेन्स देऊन भागत नाही, दोन्ही एकमेकांशी जुळवून घ्यावी लागतात. सोबत काडेपेट्यांचे फोटो छापून दिले, त्यामुळे काउंटरवर वाद झाला नाही.

कॅमेरा एप्रिलमध्ये परत आला. त्याच संध्याकाळी पॅसेजमध्ये पेट्या पुन्हा मांडल्या: दहापैकी नऊ वेळा मधलीच स्पष्ट. रविवारी पाणथळीवर गेलो तेव्हा थवा अजून होता.