भरीव पिस्तुलाच्या पोटात लाइट आणि आवाज, काम कुठवर आलंय

तर मंडळी, माझं स्पेस-पिस्तूल, म्हणजे साय-फाय सिनेमात असतं तसलं खोटं, शोभेचं पिस्तूल, बरंच पुढं सरकलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेला तुकडा, कोल्हापूरच्या एका दोस्तानं स्वतःच्या डिझाईनवरून सिलिकॉन मोल्डमध्ये ओतलाय, पॉलियुरेथेन रेझिन, आणि नखशिखांत भरीव, आत सुई जाईल एवढीपण पोकळी नाही. दिसायला एक नंबर, पण नळीत लाइट, बाजूनं आवाज आणि मुठीत बॅटरी पाहिजे म्हटलं की कपाळाला हात.

नेहमीची पद्धत म्हणजे मधोमध करवतीनं दोन फाड करायची, दोन्हीकडून रोटरी टूलनं (हातात धरायचं छोटं फिरतं कोरणं) खोदायचं आणि मग चिकटवून जोडात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची. मला ती कधीच पटली नाही. करवतीत मिलिमीटरभर तरी माल जातो, तेवढी गोल नळी चपटी होते, आणि कितीही घासा, मेटॅलिक रंग मारला की तो जोड लांबनं ओळखू येतो.

आमच्या गल्लीत एक मामा आहेत, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे नमुने बनवायचे. अंगणात माझा पसारा बघून थांबले.

"काय करालास रे हे?"

"मामा, आत वायरिंग घालायचंय, पण हे भरीव आहे."

"भरीव कशाला ओतलं मग? कोअर बसवायचा न्हवता काय?"

बेळगावात राहून कोअर काय ते माहीत नसणारा विरळाच, साच्यात वाळूचा गाभा बसवला की ओतकामात तेवढी जागा पोकळ राहते. मामांनी पिस्तूल हातात फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणाले, कोअर घातला नाही तर नाही, पण कोअर कुठं बसला असता ते आधी कागदावर काढ, तेवढंच खोद, बाकीच्याला हात लावू नको. सगळं काम मग त्या एका वाक्यावर चाललंय.

कागदावर तीन पोकळ्या निघाल्या. नळीत लाइट, मुठीत सेल, आणि मधल्या बॉडीत स्पीकर आणि बोर्ड. कापायचं फक्त तिथंच जिथं डिझाईनमध्ये आधीच पायरी किंवा खाच आहे, म्हणजे नळीच्या रिंगच्या मागं एक आणि डाव्या बाजूच्या झाकणाच्या कडेनं एक. जोड सावलीत लपतो, लांबी भरायचीच गरज नाही. झाकणासाठी सोनार वापरतात ती बारीक पात्याची करवत घेतली, पातं नाजूक आहे, मोडतं सारखं, पण कड अशी येते की झाकण परत बसवल्यावर नख अडकत नाही. झाकणाला जागेवर बसायला 3 मिमीच्या दोन डॉवेल पिना (बारीक खुंट्या) आणि कोपऱ्यात छोटे, जोरदार निओडिमियम मॅग्नेट, चिकटवायच्या आधी मार्करनं कुठली बाजू वर ते लिहून ठेवा बाबांनो.

ड्रिलिंग हँड ड्रिलनं करायचंच नाही, हे माझं ठाम मत. ओळखीच्या वर्कशॉपात पिलर ड्रिल (खांबावर बसवलेलं, सरळ खाली येणारं) आहे, व्ही-ब्लॉकमध्ये, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यात, नळी धरली आणि फोर्स्टनर बिटानं (सपाट तळाचं रुंद भोक पाडणारं बिट) 24 मिमीचं भोक 60 मिमी खोल घेतलं, मुठीत खालून 20 मिमीचं 75 खोल. स्पीड एकदम कमी. पॉलियुरेथेन गरम झालं की मऊ पडून बिटाला चिकटतं, म्हणून जरा आत गेलं की बाहेर काढायचं, हवा मारायची, परत आत. स्पीड बरोबर असेल तर सुक्या खोबऱ्याच्या किसासारखा कोरडा चुरा पडतो, लांब चिकट दोरी यायला लागली की थांबा. आणि मास्क, नुसता रुमाल नाही, ती धूळ फार बारीक असते.

वजनाचा एक हिशोब मजेशीर निघाला. दोन्ही भोकांतनं मिळून साधारण 50 घनसेंमी माल निघाला म्हणजे अंदाजे 55 ग्रॅम, आणि मुठीतला 18650 सेल (रिचार्ज होणारा लिथियम सेल) एकटाच 45 ग्रॅमच्या आसपास असतो, त्यात स्पीकर, बोर्ड, वायर. म्हणजे पिस्तूल हातात होतं तेवढंच जड लागतं, उलट सेल मुठीत असल्यामुळं तोल सुधारलाय.

नळीतनं मुठीत वायर न्यायची म्हणजे दोन्हीकडनं 6 मिमीचं लांब बिट तिरकं घालून आत भेटवायचं. भोकं भेटली तरी कोपऱ्यात वायर वळत नाही, ढकलून तर अजिबात जात नाही. त्यावर उपाय म्हणजे एका तोंडाला व्हॅक्यूम क्लीनर लावायचा आणि दुसऱ्या तोंडाशी शिवणाचा दोरा सोडायचा, गप्पकन ओढला जातो, मग दोऱ्याला वायर बांधून ओढायची. सिलिकॉनची मऊ वायर घ्या, साधी कडक वायर तिथं चालत नाही.

आता सर्किट. सगळं चालवायला अर्डुइनो नॅनो (कोड घालता येणारा छोटा बोर्ड), आवाजाला डीएफ-प्लेअर मिनी (आवाजाच्या फाइली वाजवणारा बोर्ड), लाइटला सात डब्ल्यूएस-2812-बी एलईडीची (कोडनं रंग बदलणाऱ्या) गोल चकती, ती साधारण 23 मिमीची, म्हणून तर भोक 24 चं. सात एलईडी फुल पांढरे लावले तर 420 मिलिअँपिअर खातात, ब्राइटनेस कोडमध्येच निम्म्याच्या खाली बांधून टाकलाय, बंद नळीत तेवढ्यानंपण डोळे दिपतात. नॅनो आणि एलईडीला बूस्ट मॉड्यूलनं (सेलचे व्होल्ट वाढवणारा बोर्ड) 5 व्होल्ट, पण डीएफ-प्लेअर थेट सेलवर, तो 3.2 व्होल्टपासून चालतो आणि बूस्टची किरकिर स्पीकरमध्ये येत नाही. ग्राउंड सगळ्यांचा एकच. नॅनोकडून प्लेअरच्या आरएक्सला (हुकूम घेणारी पिन) जाणाऱ्या वायरीत 1 के, म्हणजे 1000 ओहमचा, रेझिस्टर आणि एलईडीच्या सप्लायला 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, हे दोन विसरायचे नाहीत.

चार्जिंगला टीपी-4056 हा छोटा चार्जर बोर्ड, प्रोटेक्शनवालाच घ्या. तो येताना 1 अँपिअरवर सेट असतो आणि चांगलाच तापतो, रेझिनच्या पोटात ती उष्णता जाणार कुठं? त्याचा 1.2 के चा रेझिस्टर काढून 3 के लावला की करंट 400 मिलिअँपिअरवर येतो. चार्ज सावकाश होतो, होऊ दे.

सुटे पार्ट मी पुण्याहून मागवतो, बुधवार पेठेत सगळं मिळतं. बेंगळुरूला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार एसपी रोड आहेच, पण आम्हा बेळगावकरांना पुणं जवळ. कर्नाटकात राहून एलईडी महाराष्ट्रातनं आणतोय म्हणून घरात चेष्टा चालते, ते सोडा.

भरीव कास्टचा खरा फायदा कळला तो स्पीकर बसवल्यावर. थ्रीडी प्रिंटच्या पातळ शेलमध्ये स्पीकर बसवला की भिंतीच थरथरतात, खरखर येते. इथं चारी बाजूला जाड रेझिन. 28 मिमीचा स्पीकर डाव्या बाजूच्या खाचांमागं, आणि कडेनं फोम टेप अशी दाबून बसवली की मागची हवा पुढं येऊ नये, कारण मागचा आवाज पुढच्यात मिसळला की बेस मरतो. टेप लावायच्या आधी आणि नंतर एकच फाइल वाजवून बघा, फरक कानाला लगेच कळतो. मामांनी ऐकलं आणि म्हणाले, "आता जरा दम आलाय की."

पावसात ओतकाम मात्र बंद. बेळगावचा जुलै म्हणजे भिंतीलासुद्धा ओल, आणि हे रेझिन दोन द्रव मिसळून बनतं, त्यातला एक पाण्याला लागला की कार्बन डायऑक्साइड सोडतो, ओतलेला पॅच फेसाळतो. बारीकसारीक भोकं म्हणून एपॉक्सी पुट्टीनंच बुजवतोय. नळीच्या तोंडाची पारदर्शक काचपण एपॉक्सीनंच लावणार, फेव्हिक्विकची वाफ काचेवर पांढरी धरते.

हे सगळं शिवजयंतीच्या चित्ररथात शोभणारं नाही, माहितीय, भाच्यानं विचारून झालंय. आणि एसटीत किंवा बाजारात हे बाहेर काढू नका, खोटं आहे हे कळावं म्हणून नळीचं तोंड भगभगीत केशरी असलं तरी लांबनं कोण बघतंय.

राहिलाय ट्रिगर. तोपण अंगचाच ओतलेला. करवतीनं मोकळा करून मागं मायक्रोस्विच (दाबला की टिक करणारा छोटा स्विच) आणि पेनातली स्प्रिंग असं डोक्यात आहे, पण रेझिनचा ट्रिगर ज्या पिनेवर फिरणार तिथं झिजेल असं वाटतं, म्हणून भोकात पितळी नळीचा तुकडा बुश, म्हणजे अस्तर, म्हणून घालावा की ट्रिगरच अ‍ॅल्युमिनियमचा करावा यावर अडलोय. कुणी केलं असेल तर सांगा की ओ.