भोपळ्याआधीचे भूत

२०२४ च्या ऑक्टोबरात मी लेकीकडे डब्लिनला तीन आठवडे होते. मोहरचे कडे, किलार्नीची तळी वगैरे सारे रीतसर पाहून झाले. पाऊस होता, गर्दी होती आणि चहा उत्तम होता, याहून त्याबद्दल मला फारसे सांगण्यासारखे नाही. लिहायला बसले आहे ती एका सलगमामुळे, म्हणजे मुळ्यासारख्या एका गोल कंदामुळे.

३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी, म्हणजे तिकडच्या भुतांच्या सणासाठी, महिना लागल्यापासूनच तिथल्या दुकानांच्या दारांत नारिंगी भोपळ्यांच्या राशी लागल्या होत्या. नातवाच्या हट्टाखातर आमच्याकडेही एक आला. आमच्या माहेरी अख्ख्या भोपळ्यावर पहिली सुरी बाई चालवत नाही, घरातल्या पुरुषाने घाव घातल्यावरच तो तिच्या हाती येतो. जावयांनी काही न विचारताच देठाभोवती सुरी फिरवली आणि माझी अडचण परस्पर सुटली. अर्ध्या तासात त्रिकोणी डोळे, त्रिकोणी नाक आणि दातके हसू तयार झाले. सगळा गर कचऱ्यात निघालेला पाहून माझ्याच्याने राहवले नाही. तो मी वाचवला, किसला आणि गूळ घालून घारगे करायला घेतले. कोरण्यासाठी वाढवलेला हा भोपळा इतका पाणचट आणि धागेदार असतो की कणीक घालता घालता डबा रिकामा झाला, आणि इतके करूनही घारगे कोणी दुसऱ्यांदा मागितले नाहीत. खाण्याची वस्तू न खाण्यासाठीच पिकवायची, हे मला अजूनही पटलेले नाही.

माझी कुरकुर ऐकून लेक म्हणाली, "आई, हे अमेरिकेचे वेड. मूळचे इथले, पण भोपळ्याचे नव्हे. तुला खरे भूत दाखवते." ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी तिथे सुट्टी असते, तिला जोडून आलेल्या शनिवारी आम्ही आगगाडीने मेयो परगण्यातील कॅसलबारला निघालो. सुमारे तीन तासांचा प्रवास, डब्यात पाय ठेवायला जागा नाही, आणि उतरल्यावर जवळच्या टर्लो गावातल्या ग्रामजीवनाच्या संग्रहालयापर्यंत टॅक्सी. संग्रहालय फुकट असल्याचे समाधान त्या टॅक्सीने पार घालवले.

अ‍ॅथलोनजवळ शॅनन नदी ओलांडली की अधूनमधून काळपट, पाणथळ माळ दिसू लागतात. अशा दलदलींवर रात्री हलणाऱ्या उजेडालाच पूर्वी 'जॅक-ओ-लँटर्न' म्हणत. वाटसरूला दिवा दाखवून चिखलात नेणारा तो उजेड म्हणजे आपल्या कोकणातला चकवाच, हे कळल्यावर मला परक्या मुलखात कोणी नात्यातले भेटल्यासारखे वाटले. आयरिश गोष्टीतला जॅक हा एक कवडीचुंबक दारुडा. त्याने सैतानाला फसवून आपला आत्मा न नेण्याचे वचन घेतले. मेल्यावर स्वर्गाने पापी म्हणून दार लावले आणि नरकाने दिल्या वचनामुळे. सैतानाने दिलेला एक निखारा कोरलेल्या सलगमात ठेवून तो अजून अंधारात फिरतो आहे. ३१ ऑक्टोबरची रात्र म्हणजे 'साउन', हिवाळ्याच्या तोंडावरचा जुना सण. त्या रात्री मेलेले फिरतात म्हणून हे कोरलेल्या सलगमाचे दिवे. १८४५ नंतरच्या दुष्काळात लाखो आयरिश लोक अमेरिकेकडे गेले, आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या या चालीला तिथे सलगमापेक्षा मोठा आणि मऊ भोपळा मिळाला.

संग्रहालयाच्या काचेमागे जे होते ते मुठीपेक्षा थोडेच मोठे होते. आक्रसलेला तपकिरी चेहरा, खोल गेलेली भोके आणि विचकलेले दात. भोपळा हसतो, हे हसत नव्हते. पुरून ठेवलेले कोणी उकरून काढावे, तसे ते दिसत होते. डोनेगलमधील फिनटाउन गावच्या एका शिक्षिकेने १९४३ मध्ये मूळ सलगम संग्रहालयाला दिला, कारण असे दिवे आता कोणी करत नाही, असे तिचे म्हणणे होते. तो झिजू लागल्यावर त्यावरून प्लॅस्टरचा साचा घेतला; आपण पाहतो तो साच्यातून उतरलेला. नातू माझ्या पदरामागे गेला, आणि खरे सांगायचे तर मीही त्या काचेसमोर फार वेळ उभी राहिले नाही.

परत आल्यावर मी सलगम विकत आणला. आयर्लंडमध्ये 'टर्निप' म्हणून मिळतो तो आतून पिवळा, वरून जांभळट आणि थोराड नवलकोलासारखा दिसणारा. त्याला पहिला घाव कोणी घालायचा याचा नियम आमच्याकडे नसल्यामुळे मीच बसले. वरचे झाकण कापतानाच सुरी अडकली. चमच्याने कोरायला घेतले तर चमचा वाकला. मग जावयांच्या हत्यारांतला पेचकस घेऊन भोके पाडली आणि मधला भाग टोकरत राहिले. दोन तासांनी वाटीएवढी पोकळी झाली आणि तळहाताला फोड आला. भोपळा दिसताच त्या लोकांनी सलगम का टाकून दिला असेल, हे मला त्या फोडाने पुरते समजावले.

योगायोगाने त्या वर्षी ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती. पहाटे उटणे लावून अभ्यंगस्नान झाले आणि संध्याकाळी मी दिवाळीच्या डब्यातली सर्वांत लहान पणती सलगमात ठेवली. ती दोनदा विझली. झाकणाला धुरासाठी भोक पाडल्यावर टिकली. मग त्या भोकातून करपलेल्या मुळ्याचा उग्र वास सगळ्या ओसरीभर पसरला. खाऊ मागायला आलेली मुले भोपळ्याशेजारून बिनधास्त ये-जा करत होती. त्यांतला सर्वांत लहान, पांढरी चादर पांघरून स्वतःच भूत झालेला, सलगम दिसताच फाटकाशी थबकला आणि काही केल्या आत येईना. शेवटी त्याचे चॉकलेट आणि एक बेसनाचा लाडू मला फाटकापर्यंत नेऊन द्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होते. रात्रीतून सलगमाचे ओठ आत वळले होते आणि तो काचेमागच्या त्या चेहऱ्यासारखा दिसू लागला होता. "पूजेच्या आधी ते दारातून हलव," असे लेकीने दोनदा सांगितले. मी तो मागच्या अंगणात, कुंपणाकडे तोंड करून ठेवला.