पाण्याची चाल, माशीची चाल

१४ नंबरच्या गळावर (नंबर जितका मोठा तितका गळ लहान) बांधलेली माशी तळहातावर ठेवली तर वजन असं काही लागतच नाही. दोनचार पिसं, चिमूटभर लोकर आणि दोऱ्याचे वेढे. जोर लावून भिरकावली तरी पायापाशीच पडेल. आपल्याकडे गळ टाकायचा म्हणजे शिसं पुढे जातं आणि तंगूस त्याच्यामागे फरफटत येतं. फ्लाय फिशिंगमध्ये वजन दोरीतच भरलेलं असतं. पाच नंबरच्या दोरीचे (इथे मात्र नंबर मोठा तितकी दोरी जड) पहिले ३० फूट सुमारे ९ ग्रॅम भरतात. फेकायची ती दोरी. तिच्या टोकाला ९ फुटांचा निमुळता होत जाणारा लीडर, म्हणजे तंगूसच, त्यापुढे त्याचाच केसासारखा बारीक शेवटचा तुकडा, टिपेट, आणि सगळ्यात शेवटी माशी. बाकीचे सगळे सोपस्कार या एका उलट्या मांडणीतून आले आहेत, आणि बहुतेक फजित्याही.

हा सगळा खटाटोप मुख्यतः ज्या थंड पाण्यातल्या माशासाठी, ती ट्राउट आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांत नाही, कारण पाणी तिला परवडणारं नाही. १० ते १६ अंश सेल्सिअस तिला मानवतं. पारा २० च्या वर गेला की तिची धाप सुरू होते, कारण पाणी जितकं कोमट तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. म्हणून ती भेटते हिमालयात, निलगिरीत, मुन्नारच्या वरच्या ओढ्यांत. तीही मूळची इथली नव्हे. १८९९ साली काश्मीरसाठी निघालेली अंड्यांची पहिली खेप वाटेतच मेली. १९०० साली स्कॉटलंडहून आलेली जगली. पुढे १९०९ च्या सुमारास काश्मीरमधून ब्राउन ट्राउट कुलूकडे पोचली आणि तिथल्या नद्यांत घरच्यासारखी रुळली. इथल्या मूळच्या स्नो ट्राउटच्या पोटावर तिने पाय दिला, हेही खरं. साहेबाने आणलेला मासा म्हणून तिचं कौतुक करताना ही बाजू सहसा कोणी काढत नाही.

कुलू जिल्ह्यातली तीर्थन नदी नमुन्यादाखल घेऊ. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कातल्या बर्फाळ उंचीवरून निघते, गुशैणी, नागिणी, बंजार अशी खाली येते आणि लारजीला बियासला मिळते. मोठमोठ्या धोंड्यांमधून उड्या मारत येणारं पाणी, प्रत्येक धोंड्यामागे एक डबकं. आपली मंडळी कुलू-मनालीला जातात ती मे महिन्यात, मुलांच्या सुट्ट्या बघून. नेमका तेव्हा वरचा बर्फ वितळत असतो. नदी फुगते, पाणी राखाडी होतं, मासा तळाशी दबून बसतो आणि माशी दोन फुटांवरूनही दिसत नाही. पावसाळ्यात तर बोलायलाच नको. मार्च-एप्रिल चांगला, त्याहून चांगला दसऱ्याच्या आगेमागचा काळ. तेव्हा पाणी काचेसारखं असतं आणि थंडीच्या आधी मासा खा-खा करत असतो. दिवाळी मात्र पंचांगात बघून घ्या, कारण १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हिमाचलात ट्राउटची बंदी असते. या दिवसांत मादी शेपटीने खडी उकरून त्यात अंडी घालते. अशा खडीतून चालत जाणं म्हणजे अंडी तुडवणं. एरवी मत्स्य विभागाचा परवाना काढायचा आणि त्यावरचे नियम वाचायचे.

आता मासा कुठे असतो ते बघू. पोटाचा हिशेब ट्राउटला पक्का कळतो. जोराच्या धारेत उभं राहून पोहण्यात जितकी शक्ती जाते तितकी खाण्यातून परत मिळाली नाही तर मासा वाळतो. म्हणून ती संथ पाण्यात उभी राहते, पण अशा जागी की शेजारून धार वाहतेय आणि धारेतून जेवण येतंय. धोंड्याच्या पाठीमागे, त्याच्या पुढ्यातल्या उशीसारख्या पाण्यातही, आणि जिथे जलद धार आणि संथ पाणी यांची शिवण दिसते तिथे. या शिवणीवर फेसाचे बुडबुडे रांगेने चाललेले असतात. जिथून फेस जातो तिथूनच पाण्यात पडलेले किडे जातात. नदीवर पोचल्यावर आधी दांडी जोडू नये. पाच मिनिटं फेस बघावा.

तिच्या डोळ्यांचंही गणित आहे. पाण्याखालून वरचं जग सगळीकडून दिसत नाही, डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. मासा जितक्या खोल, त्याच्या साधारण सव्वादोन पट त्या खिडकीचा व्यास. एक वीत खोलीवर उभ्या ट्राउटला जेमतेम ५० सेंटिमीटरचं आकाश. खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरसा होतो आणि त्यात तळाचं प्रतिबिंब दिसतं. वर येऊन खाणाऱ्या माशाची खिडकी लहान, म्हणून माशी अगदी ट्राउटच्या वाटेवर पडली पाहिजे. हातभर बाजूला पडलेली तिला दिसलीच नाही असं समजा. काठावरच्या गोष्टी खिडकीच्या कडेला चेपलेल्या दिसतात, आणि पाण्याशी १० अंशांहून कमी कोनात असलेलं फारसं दिसतच नाही. म्हणजे पाण्याच्या पातळीवर उभे असाल तर १० मीटरवरचा माणूस कसाबसा लपतो, ५ मीटरवर गुडघे टेकावे लागतात. उंच दगडावर चढून छान दिसतं खरं, पण दोन्ही बाजूंनी.

फेकण्याबद्दल सगळेच भरभरून लिहितात, त्यामुळे थोडक्यात. मनगट मोडू नये, दांडीचं टोक सरळ रेषेत चालावं, आणि मागे फेकलेली दोरी पूर्ण उलगडेपर्यंत थांबावं. या थांबण्यातच नवखा चुकतो. लवकर पुढे ओढलं तर चाबकासारखा फटका ऐकू येतो. तो ऐकला की टिपेटच्या टोकाला माशी उरली आहे का ते बघावं. पुढच्या फेकीला सुरुवातीलाच हिसका दिला तर दोरीचा वरचा पदर खालच्याला ओलांडतो आणि लीडरमध्ये गाठ पडते. लोक तिला वाऱ्याची गाठ म्हणतात. वाऱ्याचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो. ती गाठ सोडवत बसू नका. टिपेटची ताकद तिथे निम्म्यावर येते, तेवढा तुकडा कापून नवा बांधा. तीर्थनकाठी मागे झाडी असते, तिथे मागे फेकायचंच नाही: दोरी पाण्यावरून हळू मागे ओढायची, दांडीमागे तिची कमान लोंबू द्यायची आणि पुढे लोटायची. पाण्याने दोरी धरून ठेवलेली असते, तिच्या जोरावर ती उलगडते. ट्राउटसाठी ८-१० मीटर पुष्कळ झालं. वीस मीटर फेकणाऱ्याचं काठावरच्यांना कौतुक वाटतं, माशाला नाही.

कारण खरी अडचण माशी पाण्यावर पडल्यानंतर सुरू होते. तुम्ही इकडच्या काठाला, मासा पलीकडच्या धोंड्यामागे, मध्ये जोराची धार. माशी संथ पाण्यात अलगद उतरली. पण दोरी आडवी पडली आहे धारेत, आणि धार तिला खाली ओढते. दोरीला पोट येतं, पोट ताणलं जातं, आणि एका क्षणी माशी फेसाला मागे टाकून पळू लागते. तिच्यामागे इंग्रजी व्हीसारखी रेघ उमटते. याला ड्रॅग म्हणतात. पाण्यात पडलेला किडा धारेला ओलांडून असा कधी पळत नाही, आणि तिथे वर्षभर राहणाऱ्या माशाला ते पुरतं ठाऊक असतं. ट्राउट नुसती नकार देत नाही. कित्येकदा त्या जागी पुढचा तासभर वर येतच नाही.

यावर पहिला उपाय फुकटचा आहे: जागा बदला. दोन पावलं वर किंवा खाली सरकलं तर मधली धार टळते. लोक ते सोडून डबी उघडतात आणि माशी बदलतात. दुसरा उपाय, दोरी हवेत असतानाच दांडी वरच्या अंगाला झुकवायची, म्हणजे दोरी मुळातच प्रवाहाच्या वर पडते आणि ताणली जायला तिला वेळ लागतो. तिसरा, पडल्यावर दांडीच्या टोकाने अर्धवर्तुळ काढून दोरीचं पोट उचलून वर टाकायचं. हे ओढ लागण्याआधी करायचं. नंतर केलं तर माशीच उडी मारते. चौथा, टिपेट लांब ठेवायचा, ६० सेंटिमीटरऐवजी एक मीटर, म्हणजे तो वळ्या घेत पडतो आणि त्या वळ्या सुटेपर्यंत माशी मोकळी वाहते. ओढ आहे की नाही ते ओळखायला सोपी खूण: माशीशेजारचा एक बुडबुडा निवडा आणि दोघांची जोडी टिकते का बघा. १० मीटरवरून जी ओढ आपल्याला दिसत नाही ती माशाला दिसते. म्हणून 'सगळं बरोबर होतं तरी घेतली नाही' ही तक्रार फारशी मनावर घेऊ नये.

तीर्थनसारख्या धोंड्यांच्या नदीत तर दोरी पाण्यावर टाकायचीच कशाला? जवळ जा, गुडघाभर पाण्यात उभे राहा, चारपाच मीटरच फेका आणि दांडी उंच धरा, म्हणजे फक्त लीडरचं टोक पाण्यात राहील. दांडीच्या टोकाने माशीच्या बरोबरीने चालायचं, पुढेही नाही, मागेही नाही. खळखळाटामुळे मासा तुम्हाला इतक्या जवळ येऊ देतो. वर १२ नंबरची तरंगणारी एल्क हेअर कॅडिस (कॅडिस या पाणकिड्याची नक्कल), तिच्या गळाच्या बाकाला ५० सेंटिमीटर टिपेट बांधून खाली मणी असलेली निम्फ, म्हणजे किड्याच्या पाण्याखालच्या पिल्लासारखी बुडणारी माशी. ट्राउट बहुतेक जेवण पाण्याखालीच उरकते, त्यामुळे खालचीच जास्त चालते, आणि वरची बुडाली की समजायचं. निम्फ अधूनमधून तळाला टेकली पाहिजे. कधीच अडकत नसेल तर ती उंचावरून जातेय. जड माशी लावा किंवा टिपेट वाढवा. दिवसाला दोनचार निम्फ दगडांत गमावणं हा खर्च धरूनच चालायचं.

माशीच्या दिसण्यापेक्षा तिच्या चालीला इतकं महत्त्व दिलेलं काहींना पटत नाही. त्यांनी फेझंट टेल निम्फ बघावी. इंग्लंडात एव्हन नदीची देखभाल करणाऱ्या फ्रँक सॉयर यांनी ती बांधली, दोऱ्याशिवाय, नुसत्या तांबड्या तारेने. गळावर तारेचे वेढे, छातीपाशी जरा फुगवटा, त्यावर फेझंट पक्ष्याच्या शेपटीतले चार धागे गुंडाळलेले. शेंडे शेपूट म्हणून मागे सोडलेले. संपलं. पाय नाहीतच, कारण पोहताना मेफ्लाय या पाणकिड्याची निम्फ पाय अंगाशी धरते. तारेमुळे ती चटकन बुडते आणि पाण्याबरोबर वाहते. डबीत तिच्याशेजारी डोळे, पंख, सांधेदार पाय लावलेली बाजारातली सुबक माशी ठेवा. ती फसवते ती गिऱ्हाइकाला. नवख्याला १४ आणि १६ च्या अ‍ॅडम्स, १४ ची कॅडिस, फेझंट टेल, मणीवाली हेअर्स इअर, आणि गढूळ पाण्यासाठी ८ नंबरची काळी वूली बगर एवढ्या माशा पुरतात. आधी आकारमान जुळवा, मग ठेवण, रंग शेवटी. नदीतला एक दगड उलटून बघितला तर वाळूच्या नळीत राहणारी कॅडिसची अळी आणि चपट्या निम्फ दिसतात. त्यांच्याशी ताडून बघा, आणि दगड जसा होता तसा ठेवा.

या सगळ्याला अपवाद आहे, आणि तो गंमतीचा आहे. संध्याकाळी कॅडिस अंडी घालायला पाण्यावर टपटप उड्या मारतात, तेव्हा तुमची माशी जराशी थरथरली तर चालते, उलट बरंच होतं. दुसरा अपवाद हॅचरीतल्या, म्हणजे मत्स्यपैदास केंद्रातल्या, माशांचा. हिमाचलातल्या पाटलीकुहल किंवा बरोट इथल्या केंद्रांतल्यासारख्या सिमेंटच्या लांब टाक्यांत वाढलेली रेनबो ट्राउट ओढ्यात सोडली की पहिले काही दिवस घोळका करून सोडल्या जागेजवळच राहते. गोळी पाण्यावर पडल्याचा आवाज म्हणजे जेवण, एवढंच ती शिकलेली असते. म्हणून धपकन पडलेली माशी तिला चालते, ओढसुद्धा चालते. घासून झिजलेले पर बघून ती ओळखू येते. अशा पाण्यात शिकायला सुरुवात करायला हरकत नाही, पण तिथे लागलेल्या सवयी नदीत नेल्या तर पदरी काही पडत नाही. आठवड्याभराने तीही शहाणी होते.

मासा लागला की हिसका मारू नका. ५X टिपेट ०.१५ मिलिमीटर जाडीचा असतो, दोनेक किलोच्या झटक्यात तुटतो. दांडी उचलली की पुरे. वरच्या माशीला ट्राउट तोंड मिटेपर्यंत क्षणभर थांबायचं, खालच्या निम्फला अजिबात नाही. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकलेला असावा. दोरी सैल पडू दिली नाही तर मासा सुटत नाही, आणि सोडायचा झाला तर क्षणात सुटतो. गाठ आवळताना मात्र थुंकीने ओली करा. कोरडी ओढली तर घर्षणाने तापून तिथेच नायलॉन कमकुवत होतो, आणि दोष ट्राउटला लागतो.

सोडायची असेल तर हात आधी पाण्यात बुडवून घ्या, कोरड्या हाताने तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. रबरी जाळ्यात, पाण्यातच ठेवून गळ काढायचा. तोंड प्रवाहाकडे करून धरायचं, स्वतःहून निसटेपर्यंत. फोटोसाठी उचलायचीच तर तुम्ही श्वास रोखून धरा, तुम्हाला सोडावासा वाटला की तिलाही पाण्यात सोडा. आणि दुसऱ्या खोऱ्यात जायचं असेल तर बूट, जाळं कडक उन्हात पूर्ण वाळवल्याशिवाय नेऊ नका. फेल्टच्या तळव्यांचे बूट गोट्यांवर घसरत नाहीत, पण एका नदीचं शेवाळ आणि रोग दुसरीत नेण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही. त्यांना वाळायला दोन दिवसही कमी पडतात.