वणीची इनडोअर शालेय क्रिकेट स्पर्धा : संघ न्या, पण गाडीही आपलीच न्या

पत्रकात छापलं होतं, 'स्पर्धास्थळ वणी बसस्थानकापासून जवळ'. ते जवळ नाही. घुग्गुसच्या रस्त्यानं सात-आठ किलोमीटर बाहेर गेल्यावर डांबरी सोडून आत वळावं लागतं, आणि तिथं कापसाच्या जुन्या गोदामात जाळ्या बांधून हॉल केलेला आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांचा एक आणि मुलींचा एक असे दोन संघ, दोन मोठ्या किट बॅगा, मी आणि आमच्या मॅडम. एवढ्या मंडळींना त्या हॉलपर्यंत न्यायला जो मनस्ताप आणि जो पैसा लागला, तो दुसऱ्या शाळेला लागू नये एवढ्यासाठी लिहितो आहे. खेळाबद्दल तक्रार नाही. खेळावर तर मी अजून खूश आहे.

पांढरकवडा ते वणी हा भाग सोपा आहे. करंजी, मारेगाव, वणी अशी एसटी मिळते, थांबे धरून दोन तास समजा. मार्च 2023 पासून मुलींना आणि मॅडमना अर्धं तिकीट आहे. मुलांमध्ये बारा वर्षांखालच्यांनाच अर्धं मिळतं, म्हणून आधार कार्डं बॅगेच्या तळाशी टाकू नका, एका पाकिटात हाताशी ठेवा. इथपर्यंत सगळं ठीक.

बसस्थानकाच्या बाहेर आलो आणि किट बॅग खाली ठेवली. बॅग पाहिली की समोरच्याला कळतं की ही बाहेरगावची शाळा आहे आणि यांना वेळेवर पोहोचायचं आहे. पहिला ऑटोवाला म्हणाला, "सर, सवारीचे शंभर. अन् बॅगीचे पन्नास अलग." मी म्हटलं, लहान लेकरं आहेत. "लय दूर हाय ना सर, तिकून रिकामं यावं लागते." दुसऱ्यानं तोच आकडा सांगितला, तिसऱ्यानंही. शेजारी भाजीची टोपली घेऊन एक बाई उभ्या होत्या, त्यांना त्याच रस्त्यानं पुढं जायचं होतं. त्यांनी मॅडमना हळूच सांगितलं, "आमी वीस रुपये देतो, बाई." म्हणजे वीसची जागा शंभरला, आणि वर बॅगेचे पन्नास. सामना साडेदहाला होता आणि उशीर झाला तर संघ बाद, असं पत्रकातच लिहिलेलं. शेवटी दोन ऑटो सहाशे-सहाशेला ठरवले. बाराशे रुपये, सात-आठ किलोमीटरसाठी! आमच्या सगळ्या संघाचं पांढरकवड्याहून वणीचं एसटीचं तिकीटही एवढं झालं नव्हतं.

पैशापेक्षा वाईट तो रस्ता. हा खाणींचा पट्टा आहे, रस्त्यावर कोळशाच्या हायवा ट्रकांची रांग तुटत नाही. ताडपत्री नीट बांधलेली नसली की वळणावर कोळशाचे खडे खाली येतात. एका ऑटोत नऊ लेकरं कोंबलेली, दोघांचे पाय बाहेर, आणि बाजूनं दहा चाकांची गाडी हॉर्न देत जाते. मी पुढच्या ऑटोत होतो आणि पूर्ण वेळ मान मागं वळवून मागचा ऑटो दिसतो का तेच पाहत होतो. उतरलो तेव्हा मुलींच्या पांढऱ्या टी-शर्टवर काळी धूळ बसलेली होती, झटकली की पसरायची. रुमाल किंवा मास्क प्रत्येकाकडे पाहिजेच. दम्याचा त्रास असलेलं लेकरू असेल तर त्याला या रस्त्यानं उघड्या गाडीत नेऊ नका, हे मी स्पष्ट सांगतो.

एवढ्यावर संपत नाही. मुक्कामाची सोय वणी शहरातल्या मंगल कार्यालयात आणि सामने गोदामात, म्हणजे तोच रस्ता रोज सकाळी आणि रात्री. रात्री साडेआठला शेवटचा सामना सुटला तेव्हा तिथं एकच ऑटो उभा होता. त्यानं दोन फेऱ्यांचे पंधराशे मागितले. पहिल्या फेरीत मुली आणि मॅडम गेल्या, आणि पोट्ट्यांना घेऊन मी अंधारात फाट्यावर पाऊण तास उभा राहिलो. आयोजकांना विचारलं तर उत्तर मिळालं की वाहनाची जबाबदारी आमची नाही. लेकरांची स्पर्धा भरवता, गावाबाहेर भरवता, आणि रात्री त्यांना फाट्यावर सोडता, हे मला अजिबात मान्य नाही.

म्हणून पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला: गावाहूनच काळीपिवळी किंवा ट्रॅक्स पूर्ण मुक्कामासाठी ठरवून न्या. ड्रायव्हरच्या जेवणाचं बोलून घ्या, डिझेल कोणाचं तेही आधीच ठरवा. आम्ही नंतर हिशेब केला. ऑटोंवर गेलेल्या पैशात ट्रॅक्स आली असती, वर किट बॅगा टपावर गेल्या असत्या. गाडी जमतच नसेल तर शेजारच्या तालुक्यातल्या शाळेशी बोलून दोघांत एक गाडी करा. तेही जमत नसेल तर जाऊ नका.

आता हॉल. इनडोअर क्रिकेटचं मैदान साधारण 28 ते 30 मीटर लांब आणि 10.5 ते 12 मीटर रुंद असतं, चारही बाजूंनी आणि वरून ताणलेली जाळी, आत आपली नेहमीचीच 20.12 मीटरची खेळपट्टी. आम्ही टेपनं मोजलं. लांबी बरोबर होती, रुंदी नऊ मीटर भरली. खाली सिमेंट, त्यावर हिरवी मॅट, आणि मॅटचा जोड नेमका एका टोकाच्या टप्प्याच्या जागी. त्या जोडावर पडलेला चेंडू कधी गुडघ्याला, कधी छातीला. नाणेफेक जिंकली तर त्या टोकाची चौकशी आधी करा. खिळ्यांचे किंवा गोट्यांचे बूट आत घेऊ देत नाहीत, सपाट रबरी तळाचे न्या. आमच्या दोन पोट्ट्यांना त्यामुळे पहिला सामना अनवाणी खेळावा लागला. वर टिनाचं छप्पर आहे. डिसेंबरातही दुपारी आत घाम निघतो आणि संध्याकाळी त्याच घामाची थंडी वाजते, तेव्हा स्वेटर हॉलमध्येच असू द्या.

प्रवेश फी पत्रकाप्रमाणे भरलेली होती. टेबलावर पुन्हा 'लाइट आणि बॉल चार्ज' म्हणून प्रत्येक संघाचे पाचशे मागितले. मी शाळेच्या नावाची पावती मागितली तेव्हा लाइटचे पैसे गेले, बॉलचे दोनशे राहिले. पावती मागा. शाळेला हिशेब द्यायचा असतो हे कारण खरं आहे आणि ते चालतं. बोनाफाईड आणि जन्मतारखेचा उतारा दोन-दोन प्रतींत न्या, तिथं झेरॉक्स नाही, आणि झेरॉक्ससाठी पुन्हा तोच रस्ता.

खेळाकडे येतो. बहुतेक शाळा हे बॉक्स क्रिकेट समजून येतात आणि पहिल्याच सामन्यात मार खातात. हा खेळ 1970 च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात रुजला आणि त्याचे नियम वेगळे आहेत. संघात आठ जण, डाव 16 षटकांचा. दोघांची जोडी चार षटकं खेळतेच खेळते, अशा चार जोड्या. बाद झालं की बाहेर जायचं नाही, पण पाच धावा वजा होतात. फलंदाजांना पळायचं अंतरही खेळपट्टीच्या निम्म्याएवढंच. बाजूच्या जाळीच्या पुढच्या अर्ध्या भागाला, म्हणजे फलंदाजाकडच्या, चेंडू लागला तर एक बोनस, गोलंदाजाकडच्या अर्ध्याला लागला तर दोन. गोलंदाजामागच्या जाळीला टप्पा पडून लागला तर चार, थेट लागला तर सहा. पण पळून धाव काढली तरच बोनस मिळतो, नुसता मारून उभं राहिलं तर शून्य. बाजूच्या जाळीवरून परत आलेला चेंडू झेलला तरी बाद. आणि सलग दोन चेंडूंवर फलकावरचा धावांचा आकडा हलला नाही तर तिसऱ्यावर काहीतरी झालंच पाहिजे, नाही तर बाद धरून पाच वजा.

हे सगळं मी पोट्ट्यांना वर्गात फळ्यावर समजावलं होतं. मैदानात उतरल्यावर त्यांनी गावच्या सवयीनं बॅट फिरवली. पहिल्या जोडीतल्या एकानं समोरच्या जाळीला थेट मारून पळत सात धावा घेतल्या, सगळे ओरडले. नंतर जाळीवरून झेल, धावबाद, पुन्हा धावबाद, त्रिफळा. चार षटकं संपली तेव्हा फलकावर उणे 7. आमचा यष्टिरक्षक माझ्याकडे आला, "सर, आपलं मायनस कसं काय होऊन राह्यलं?" बाहेर एका ठिकाणी फलकावर विदर्भाच्या रणजी विजयांची वर्षं लिहिली होती, 2017-18, 2018-19, 2024-25. हरल्यावर पोट्टे त्याच्या सावलीत कितीतरी वेळ न बोलता बसले होते.

मुलींनी मात्र खेळ ओळखला. मॅडमनी त्यांना एकच सांगितलं होतं: मारायचं नाही, ढकलायचं. आमच्या सातवीतल्या दोघी उतरल्या. एकीनं चेंडू नुसता बॅटचा कोन करून पायाजवळून बाजूच्या जाळीवर लोटला, चेंडू जाळीत फसल्यासारखा होऊन खाली पडला, तोवर दोघी पलीकडे. बोनसची एक, पळालेली एक, दोन झाल्या. पुढचा चेंडू तसाच. गोलंदाज वैतागून आखूड टाकायला लागली तर मागं सरकून दुसऱ्या बाजूला तेच. पंचवीस चेंडूही नसतात चार षटकांत, 24 असतात, आणि प्रत्येकावर दोन म्हटलं तर 48 होतात. आमच्या पोरींनी 31 केल्या, एकदा बाद होऊन, पाच वजा जाऊन. समोरच्या संघाची मोठी मारणारी मुलगी तीनदा बाद झाली. तो सामना आम्ही जिंकला, त्याच्या पुढचाही. त्या आनंदात रात्रीच्या ऑटोचे पैसे मी काही न बोलता दिले.

गोलंदाजीत लपायला जागा नाही. आठही जणांना प्रत्येकी दोन षटकं टाकावीच लागतात आणि तिथं वाइडला दोन धावा होत्या. म्हणून संघ निवडताना फटकेबाज पण गोलंदाजी न येणारा मुलगा घरी ठेवा. त्याला वाईट वाटेल, वाटू द्या. सरळ हातानं स्टंपात टाकणारी किडकिडीत पोरगी त्याच्यापेक्षा या खेळात जास्त कामाची आहे. चेंडू पिवळ्या कातड्याचा आणि आतून मऊ असतो, तरी बोटावर बसला तर कळ जाते, हलके ग्लोव्हज न्या. पॅड कोणी घालत नाही. नुसतं ओझं, वर त्या बॅगेचे पन्नास.

टेनिस बॉलवर वाढलेली आमची पोरं इथं कमी पडत नाहीत, उलट मऊ चेंडूवर हात लवकर बसतो. उमेश यादव खाणकामगाराचा मुलगा, तोही टेनिस बॉलच खेळून उशिरा लेदरवर आला आणि भारतासाठी कसोटी खेळला. हे मी पोट्ट्यांना त्या कोळशाच्या रस्त्यावर सांगितलं. कितपत ऐकू गेलं माहीत नाही, गाड्यांचा आवाज फार होता.

मुक्कामाबद्दल थोडक्यात. जेवण चांगलं होतं, वरण-भात, आलू-वांगं, पोळी, पोटभर. गाद्या मिळाल्या, पांघरूण नाही, चादर आणि शाल घरून न्या. मुलींचं स्वच्छतागृह मागच्या बाजूला होतं आणि तिथं बल्ब नव्हता. मॅडमनी रात्रीच आयोजकांना उठवून तो लावून घेतला. त्यांच्यासारखं भांडता येणारं कोणी सोबत नसेल तर दोन टॉर्च आणि एक बल्ब बॅगेत टाका. मुलींच्या संघाबरोबर शिक्षिका नसेल तर मुलींना पाठवूच नका.

बाकीचे सामने सरळ झाले. पोट्टे शेवटचा एक जिंकले, मुली उपांत्य फेरीपर्यंत गेल्या आणि तिसऱ्या चेंडूच्या नियमात पाच-पाच धावा गमावून हरल्या. थकलो खूप, पण पुढच्या वर्षी न्यायचं हे त्याच संध्याकाळी ठरलं.

सराव शाळेतच होतो, हॉल लागत नाही. आम्ही आता व्हरांड्यासमोर बांबू रोवून दोन बाजूंना शेडनेट बांधली आहे, समोर जुनी कबड्डीची मॅट उभी केली आहे. बाजूच्या जाळीवर मधोमध लाल रिबन लावा म्हणजे एक आणि दोनचा भाग दिसतो. फलकावर वजा धावा रोज लिहा, लेकरांची भीती तिथंच मोडते. तिसरा चेंडू आला की बाहेरच्यांनी मोठ्यानं 'तीन' म्हणायचं, एवढ्या एका सवयीनं आमच्या मुली ती उपांत्य फेरी काढू शकल्या असत्या. शेडनेट कृषी केंद्रात मीटरवर मिळते. वरची दोरी जाड घ्या, बारीक घेतली तर जाळी मधे झोळ खाते आणि चेंडू खालून निघून जातो.