नॉट म्हणजे ताशी किती?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुम्ही पहिले नाही. बोटीवरची नोकरी सोडून सहकारनगरात राहायला आल्यापासून हा प्रश्न मला जिन्यात विचारला गेलाय, तळजाईच्या चढावर विचारला गेलाय, आणि एकदा दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलाय : नॉट म्हणजे ताशी किती मैल? त्याच्या पाठोपाठ ठरलेला दुसरा : मग साधा मैल घ्यायला काय झालं होतं?

पहिल्याचं उत्तर सोपं. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, किंवा रस्त्यावरचे १.१५ मैल. तोंडी हिशेब करायचा तर नॉटची दुप्पट करून दहा टक्के वजा करा, किलोमीटर साधारण हाताशी येतात. मैल हवे असतील तर पंधरा टक्के वाढवा. ज्यांना एवढंच हवं होतं ते आता उठले तरी माझी हरकत नाही.

खरी गंमत दुसऱ्या प्रश्नात आहे, कारण तो विचारणाऱ्याला वाटतं की समुद्रावरच्या लोकांनी उगाच एक तऱ्हेवाईक मैल काढून ठेवलाय. तऱ्हेवाईक असलाच तर तुमचा रस्त्यावरचा मैल. रोमन सैन्याची हजार दुहेरी पावलं हे त्याचं मूळ, पुढे इंग्लंडात १५९३ साली कायद्याने तो ५,२८० फुटांचा झाला. ५,२८० का, याला इतिहास आहे, पण पृथ्वीशी त्याचा काही संबंध नाही. आपला कोस तरी वेगळा कुठे होता? ज्या गावचा माणूस सांगेल त्या गावचा कोस.

सागरी मैल पृथ्वीतूनच कापून काढलाय. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत ९० अंश अक्षांश, प्रत्येक अंशाचे ६० भाग, त्यांना मिनिटं म्हणतात. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. स्वारगेटहून शिवाजी रस्त्याने सरळ उत्तरेला निघून शनिवारवाड्यापर्यंत गेलात की तुम्ही जेमतेम एक मिनिट अक्षांश चढलात. एक सागरी मैल, वर थोडी पावलं. त्याला घड्याळाची मिनिटं किती लागतील ते मंडईपाशी ठरतं, तो विषय वेगळा.

पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्यामुळे हे मिनिट सगळीकडे अगदी सारखं भरत नाही. विषुववृत्तापाशी १,८४३ मीटर, ध्रुवाजवळ १,८६२. म्हणून देशोदेशीचे सागरी मैलही थोडे थोडे वेगळे होते. शेवटी १९२९ साली मोनॅकोच्या परिषदेत १,८५२ मीटर हा आकडा ठरला.

याचा उपयोग काय, तर सागरी नकाशाला वेगळी मोजपट्टी लागत नाही. नकाशाच्या डाव्या-उजव्या कडेला अक्षांशाची मिनिटं छापलेली असतात, तीच तुमची पट्टी. कर्कटकाची दोन टोकं दोन जागांवर ठेवायची, तसंच उचलून कडेला लावायचं आणि मिनिटं मोजायची. तेवढे मैल. त्याला नॉटनी भागलं की तास. मैलाचं किलोमीटर कर, मग त्याचं आणखी काही कर, ही भानगडच नाही.

मात्र कड बाजूचीच हवी, आणि आपण असू साधारण त्याच अक्षांशाजवळची. वरच्या-खालच्या कडेला रेखांशाची मिनिटं असतात आणि ती ध्रुवांकडे आखडत जातात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आणि तरी कॅडेट असताना नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ रात्रीच्या पाळीत कर्कटक बिनधास्त वरच्या कडेला लावलं. सेकंड ऑफिसरला सांगितलं, ४६ मैल. त्यांनी खिडकीबाहेर दीपगृहाचा दिवा दाखवला आणि शांतपणे विचारलं, हा ४६ मैलांवरून दिसतोय का? साठ अंशांवर रेखांशाचं मिनिट बरोब्बर निम्मं होतं. अंतर २३ मैल होतं. पुढचे तीन महिने बोटीवर माझं नाव ‘डबल’.

आता नॉट, म्हणजे शब्दशः गाठ. जुन्या शिडाच्या जहाजावर दोरीला वजन लावलेली लाकडी फळी बांधून ती मागे पाण्यात सोडत. फळी पाण्यात उभी राहायची, जहाज पुढे जायचं, दोरी खलाशाच्या हातातून सरकायची. दोरीला दर ४७ फूट ३ इंचांवर गाठ. दुसऱ्याच्या हातात वाळूचं घड्याळ, २८ सेकंदांचं. वाळू संपेपर्यंत जितक्या गाठी गेल्या तितके नॉट. गणित करून बघा, चोख जमतं. वेळ त्या गाठीतच धरलेली आहे, म्हणून ‘ताशी दहा नॉट’ म्हणायचं नाही, नुसतं दहा नॉट. (वर्तमानपत्राला मी यावर दोनदा पत्र लिहिलंय. छापलं नाही.)

वादळाच्या बातम्यांतही ही गाठ लपलेली असते. वारा ताशी ६२ किलोमीटरवर गेला की हवामान खातं त्याला चक्रीवादळ म्हणतं. ६०ही नाही, ६५ही नाही, ६२ कुठून आलं? ती मूळची ३४ नॉटची सीमा आहे, किलोमीटरचा सदरा नंतर चढवलाय.

खडकवासल्याच्या पाण्यात मात्र नॉटचा आग्रह धरू नका. दोन्ही काठ दिसतात, नकाशा उघडायचा प्रश्न येत नाही. किलोमीटर धरा, मैल धरा, काही बिघडत नाही. बिघडतं कोकणात.

माझ्या भाच्याने मित्रांबरोबर एक छोटी इंजिनाची बोट घेतली. हर्णैहून श्रीवर्धनला निघाले. मोबाइलमधल्या सागरी नकाशावर अंतर मोजलं, १४. बोटीच्या काट्यावर वेग १४. म्हणजे एक तास, पेट्रोलही तेवढंच, वर थोडंसं. काटा होता ताशी मैलांचा, रस्त्यावरच्या. अंतर होतं सागरी मैलांत. म्हणजे खरा वेग १२ नॉट, आणि एक तासाचे झाले एक तास दहा मिनिटं. दहा मिनिटांनी काय होतं? दुपारचा वायव्येचा वारा उठला, तोही नाकासमोर. वेग आणखी पडला, इंजिन जास्त प्यायला लागलं, आणि बाणकोटच्या खाडीचं तोंड ओलांडल्यावर टाकीचा काटा तळाला. एका मासेमारी बोटीच्या तांडेलने दोर टाकून त्यांना श्रीवर्धनपर्यंत ओढत नेलं. पैसे घेतले नाहीत. ‘तेल मोजून नाय आणायचं, दादा,’ एवढंच म्हणाला.

‘मामा, दोन्हीकडे १४ होतं हो,’ असं भाचा मला रात्री फोनवर सांगत होता. मी त्याला ‘डबल’ची गोष्ट तेव्हा सांगितली नाही. काट्याच्या सेटिंगमध्ये जाऊन नॉट कसं करायचं ते सांगितलं. त्याने लगेच केलं. पेट्रोलचा एक कॅनही आता तो जास्तीचा नेतो.