आमची वाटचाल : पॅटर्न शॉपपासून टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशनपर्यंत

बेळगावच्या उद्यमबागेत, पंप, व्हॉल्व्ह आणि हायड्रॉलिक्सचे भाग ओतणाऱ्या फाउंड्र्यांच्या शेजारी आमची फर्म १९९६ पासून काम करते आहे. आधी लाकडी पॅटर्न (वाळूत साचा उमटवण्याचा नमुना), पुढे ड्रॉइंग, मग थ्रीडी मॉडेल, मग स्ट्रेस ॲनालिसिस (भागावर कुठे किती ताण येतो याचा हिशेब) आणि गेली दहा-बारा वर्षे यांत्रिक भागांचे टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशन, म्हणजे दिलेल्या भारांसाठी धातू कुठे ठेवायचा आणि कुठून काढायचा हे संगणकाने ठरवणे, असा आमचा क्रम राहिला. मधल्या वर्षांत कामे येत गेली आणि पगार वेळेवर होत गेले, त्यामुळे त्यांच्याविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. मात्र २०१९ मध्ये एका ब्रॅकेटने (जड भाग धरून ठेवणाऱ्या ओतीव आधाराने) आम्हाला जवळजवळ बंद पाडले होते. त्याविषयी आमच्या औद्योगिक वसाहतीत अजूनही अर्धवट माहितीवर बोलले जाते, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

आमचे पहिले भागीदार म्हणजे खानापूरकडचे एक पॅटर्न मेस्त्री. भांडवल माझे आणि हात त्यांचे, असा व्यवहार होता. त्यांची पट्टी साधी नव्हती, ती काँट्रॅक्शनची पट्टी होती. ओतीव लोखंड थंड होताना मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर आक्रसते, ॲल्युमिनियम तेराच्या आसपास आणि स्टील वीसच्या घरात. तेवढी वाढ पट्टीच्या खुणांमध्येच धरलेली असते, म्हणजे प्रत्येक मापाला वेगळा हिशेब करावा लागत नाही. मेस्त्रींकडे प्रत्येक धातूची स्वतंत्र पट्टी होती आणि ती दुसऱ्या कोणी उचललेली त्यांना खपत नसे. मृगाचा पाऊस सुरू झाला की सागवानी पॅटर्न फुगतो, म्हणून पावसाळ्यात ते कोअर प्रिंट (पोकळी घडवणारा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, बसवण्याची जागा) रोज कॅलिपरने तपासत. नवीन ड्रॉइंग समोर आले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "साचा कुठून उघडणार?" तांबड्या पेन्सिलीने ते ड्रॉइंगवर पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जिथे वेगळे होतात ती रेषा) ओढत आणि त्यानंतरच मापांकडे पाहत. आज सॉफ्टवेअरमध्ये ज्याला ड्रॉ डायरेक्शनचे बंधन (पॅटर्न साच्यातून कोणत्या दिशेने निघणार याची अट) म्हणतात ते मला त्या पेन्सिलीमुळे आधीपासून ठाऊक होते. हे मी अभिमानाने सांगतो, कारण आमच्या कामाचा पाया तिथे आहे.

आमचे निम्मे गिऱ्हाईक सीमेपलीकडे महाराष्ट्रात, शिरोली आणि गोकुळ शिरगावला होते. जुलै २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत साधा पॅटर्न कोगनोळीच्या सीमानाक्यापुढे न्यायचा म्हणजे सी फॉर्म (आंतरराज्य विक्रीवर सवलतीच्या कराचा दाखला), केंद्रीय विक्रीकर आणि नाक्यावरची तपासणी यांत दिवस जात असे. मॉडेल आणि ॲनालिसिस ईमेलने पाठवता येते, हे डिझाइन सेवेकडे वळण्याचे एक व्यावहारिक कारण होते.

टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशन आम्ही महागडे लायसन्स घेऊन शिकलो नाही. मार्टिन बेंडसो आणि नोबोरू किकुची यांनी १९८८ मध्ये या पद्धतीचा पाया घातला, आणि ओले सिग्मुंड यांनी २००१ मध्ये अवघ्या ९९ ओळींचा मॅटलॅब कोड प्रसिद्ध केला. तो कोड ऑक्टेव्ह या मोफत सॉफ्टवेअरवर थोड्याशा बदलांनी चालतो. आम्ही कार्यालयातल्या जुन्या संगणकावर तोच चालवून शिकलो. त्यातली युक्ती अशी आहे : प्रत्येक एलिमेंटला (भाग ज्या छोट्या तुकड्यांत विभागतात त्यांपैकी प्रत्येकाला) शून्य ते एक यांच्यामधली घनता दिली जाते आणि त्याचा ताठपणा घनतेच्या तिसऱ्या घाताने मोजला जातो. म्हणजे अर्ध्या घनतेचा एलिमेंट निम्मे वजन खातो आणि ताठपणा मात्र फक्त एक अष्टमांश देतो. अशा अर्धवट एलिमेंटचा तोटाच होत असल्याने गणित त्यांना हळूहळू एका टोकाला, पूर्ण धातूकडे किंवा पूर्ण पोकळीकडे, ढकलते. ज्यांना या क्षेत्रात यायचे आहे त्यांनी बटणे शिकण्याआधी या ९९ ओळी एकदा हाताने टाइप करून पाहाव्यात. फिल्टरची त्रिज्या (शेजारच्या एलिमेंटचा प्रभाव किती अंतरापर्यंत धरायचा ते माप) शून्याजवळ नेल्यावर पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी जी जाळी उमटते, ती एकदा डोळ्यांनी पाहिली की किमान जाडीचे बंधन का लागते ते कोणी समजावून सांगावे लागत नाही.

पहिले खरे काम दिले ते उद्यमबागेतल्याच एका फाउंड्रीच्या मालकांनी. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो. पंपाच्या बेअरिंग हाउसिंगचा पाय त्यांना हलका करायचा होता. मी पडद्यावर आकार दाखवला तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही किती धातू काढताय ते नंतर सांगा. माझ्या माणसाला साचा उचलता येणार का, आणि जाड जागेत श्रिंकेज येणार का, तेवढं आधी सांगा." नव्या पॅटर्नचा खर्च त्यांनी स्वतः उचलला. कास्टिंग निघाल्यावर ते उभे कापून आत पोकळी नाही हे त्यांनी पाहिले आणि मगच ऑर्डर दिली. त्यानंतर आजतागायत त्यांनी आमच्याशी दराची घासाघीस केलेली नाही. असा एक गिऱ्हाईक असला की फर्म टिकते, हा माझा अनुभव आहे.

आता ब्रॅकेटविषयी. सॉलिडवर्क्सच्या २०१८ च्या आवृत्तीत टोपॉलॉजी स्टडी आली आणि जे काम पूर्वी मोजक्या लोकांकडे होते ते अनेकांच्या संगणकावर पोहोचले. याच सुमारास टिपर गाड्यांची हायड्रॉलिक प्रणाली बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने आम्हाला सिलेंडरचे माउंटिंग ब्रॅकेट हलके करण्याचे काम दिले. कंपनीचे नाव लिहीत नाही, जाणकारांना ते ठाऊक आहे. भाग एसजी आयर्न ५००/७ चा (गोळ्यांच्या रूपातले ग्रॅफाइट असलेल्या ओतीव लोखंडाची एक प्रत), खाली चार बोल्ट आणि वर पिनसाठी दोन कान. सिलेंडरचा बोअर (आतला व्यास) ८० मिलिमीटर आणि दाब १८० बार, म्हणजे ढकलताना सुमारे ९० किलोन्यूटन; रॉड ४५ मिलिमीटरचा असल्यामुळे ओढताना ६२ च्या आसपास. हे दोन्ही भार त्यांनी दिले. मी लेखी विचारले होते की गाडी उतारावर तिरकी उभी असताना ट्रॉली उचलली तर कानांवर आडवा भार किती येतो. त्यांच्या डिझाइन विभागाने उत्तर दिले की पिनमध्ये तिरकेपणा सामावून घेणारे गोलाकार बेअरिंग आहे, आडवा भार धरू नये. लोड शीटवर (भारांच्या यादीवर) तसे नमूद झाले आणि दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या.

ऑप्टिमायझेशन दिलेल्या भारांचेच उत्तर देते. जो भार सांगितलेला नाही त्याच्यासाठी ठेवलेला धातू त्याला फुकट गेलेला दिसतो आणि तो धातू पहिल्यांदा जातो. जुन्या ब्रॅकेटमध्ये कानांना आडवा आधार देणारी एक पाटी होती. आमच्या निकालात ती नाहीशी झाली आणि धातू दोन उभ्या रिब्जमध्ये (पातळ आधारपट्ट्यांत) गेला. आम्ही अहवालात ही गोष्ट वेगळ्या परिच्छेदात लिहिली होती. वजन साडेअकरा किलोवरून साडेआठवर आले, कंपनीने आमचे कौतुक केले आणि उत्पादन सुरू झाले.

काही महिन्यांनी गाड्यांवरून तुटलेली ब्रॅकेट्स परत येऊ लागली. कंपनीने आम्हाला पत्र पाठवले, त्यात सरळ 'सदोष डिझाइन' असे शब्द होते. उरलेले बिल अडवले गेले. त्याहून वाईट म्हणजे ते पत्र त्यांच्या इतर पुरवठादारांपर्यंत पोहोचले आणि होनगा, मच्छे, शिरोली इथली आमची चालू कामे एकेक करून थांबली. दोष धातूचाही असू शकतो म्हणून अण्णांवरही बोट ठेवले गेले, कारण कास्टिंग त्यांचे होते. अण्णांनी त्याच हीटच्या (भट्टीच्या त्याच ओतणीच्या) टेस्ट बारचे टेन्साइल (ताणून तोडण्याची चाचणी) करून घेतले, मायक्रोस्कोपखाली ग्रॅफाइटच्या गोळ्या पाहून घेतल्या. धातू ५००/७ च्या मर्यादेत होता. मग एक तुटलेला भाग टेबलावर ठेवून आम्ही दोघांनी भिंगाने पाहिला. ढकलणे आणि ओढणे यांमुळे भेग पडली असती तर ती कानाच्या पुढच्या किंवा मागच्या कडेला सुरू झाली असती. प्रत्यक्षात ती उजव्या कानाच्या पायथ्याशी, बाहेरच्या रुंद पृष्ठावरच्या फिलेटमध्ये (कोपऱ्याच्या गोलाईत) सुरू झाली होती. कान आडवा वाकत होता. ज्या भाराविषयी मी विचारले होते आणि जो नाही असे मला लेखी कळवले गेले होते, तोच हा भार.

मी आडवा भार धरून तीच मांडणी पुन्हा चालवली. जुनी पाटी जिथे होती तिथेच, थोड्या तिरक्या आकारात, धातू परत आला, आणि वजन नऊ किलोच्या जरा वर राहिले. हा अहवाल, सही केलेली लोड शीट आणि भेगेची छायाचित्रे मी कंपनीला पाठवली. उत्तर आले नाही.

त्याऐवजी काही आठवड्यांनी अण्णांचा फोन आला. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या डिझाइन फर्मने त्याच ब्रॅकेटचे नवे ड्रॉइंग दरपत्रकासाठी त्यांच्याकडे पाठवले होते. मी जाऊन पाहिले. बॉसची (उंचवट्यांची) मापे आमची, पिनच्या छिद्राभोवती ठेवलेल्या कड्याची जाडी आमची, मशीनिंग अलाउन्सही (पुढे तासून काढण्यासाठी ठेवलेला जादा धातू) आमचेच अडीच मिलिमीटर. फक्त मध्ये एक आडवी पाटी घातलेली होती आणि तिला अशी वेलांटी दिली होती की पॅटर्न साच्यातून निघणेच शक्य नव्हते. त्यासाठी दोन जादा कोअर लागले असते. अण्णांनी तसे कळवल्यावर त्या फर्मच्या माणसाने मलाच फोन करून "तेवढा ड्राफ्ट लावून द्या, तासाच्या दराने बिल करा" असे सांगितले; ड्राफ्ट म्हणजे पॅटर्न साच्यातून निघावा म्हणून बाजूंना दिलेला उतार. मी नकार दिला. ते ब्रॅकेट पुढे त्या फर्मच्या नावाने उत्पादनात गेले, आणि आमच्याविरुद्धचे पत्र कोणी मागे घेतले नाही. दोष आमचा नव्हता हे त्या कंपनीतल्या किमान तीन माणसांना माहीत आहे, आणि त्यांच्यापैकी एकाने तरी ते लेखी द्यायला हवे होते असे मला आजही वाटते.

त्यातच मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन आले. तोवर दोन इंजिनिअर सोडून गेले होते, बँकेचे हप्ते थकले होते आणि सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क भरायचे की जागेचे भाडे, हा प्रश्न होता. अण्णांनी त्यांच्या पुढच्या वर्षाच्या सर्व पॅटर्नच्या थ्रीडी मॉडेलचे काम आम्हाला एकत्र दिले आणि निम्मे पैसे आगाऊ दिले. त्यांच्या फाउंड्रीतही तेव्हा भट्टी बंद होती. मेस्त्री वयामुळे निवृत्त झाले होते. त्यांनीही येऊन पुन्हा पॅटर्न तपासायला सुरुवात केली आणि मजुरी घेतली नाही. आज फर्म उभी आहे ती या दोघांमुळे.

या प्रकरणानंतर आम्ही मांडणीच्या (भार, आधार आणि मोकळी जागा ठरवण्याच्या) कामाचे बिल वेगळे करतो आणि सॉफ्टवेअर चालवण्याचे वेगळे. गिऱ्हाइकाला वाटते की निकालाचे रंगीत चित्र म्हणजे काम. संगणक तो निकाल रात्रभरात देतो. खरे काम त्याआधीचे असते. नव्या मुलांना मी काही गोष्टी बजावून सांगतो. जुना भाग डिझाइन स्पेस (जिथे धातू ठेवण्याची मुभा आहे ती जागा) म्हणून घेऊ नये. आजूबाजूचे पाइप, बोल्टचा पाना फिरण्याची जागा आणि हलणारे भाग वगळून जेवढी जागा मोकळी आहे ती पूर्ण ठोकळ्याने भरावी, नाहीतर जुन्या डिझाइनरच्या सवयी नव्या निकालात उतरतात. पायाचा संपूर्ण पृष्ठभाग कधीही जखडू नये. तसे केले की संगणकाला वाटते पाया उचलला जाणारच नाही, आणि तो बोल्टांच्या मधला धातू काढून टाकतो. वॉशरखालचा भाग तेवढा जखडावा. पिनचा भार छिद्राच्या अर्ध्या घेरावर द्यावा. किमान जाडी मेशच्या (एका एलिमेंटच्या मापाच्या) निदान तिप्पट ठेवावी, आणि वाळूच्या साच्यातल्या एसजी कास्टिंगसाठी ती सहा मिलिमीटरच्या खाली नेऊ नये, गणित कितीही पातळ रिब मागत असले तरी. ताठपणासाठी केलेले ऑप्टिमायझेशन स्ट्रेस पाहत नाही, म्हणून आकार पुन्हा नीट मॉडेल करून, फिलेट देऊन, नव्याने ॲनालिसिस केल्याशिवाय ड्रॉइंग बाहेर जाऊ देऊ नये. आणि प्रत्येक भार, 'शून्य' म्हणून सांगितलेला असला तरी, लोड शीटवर वेगळ्या ओळीत लिहून त्यापुढे सही घ्यावी.

आमच्या लोड शीटवर आता एकवीस ओळी आहेत. आडवा भार, गाडी तिरकी असतानाचा भार, जोडणी करताना माणूस पाय देऊन उभा राहतो तो भार, वाहतुकीत भाग आपटतो तो भार, अशा सगळ्यांसाठी जागा आहे, आणि ज्या ओळीपुढे सही नाही त्या भारासाठी आम्ही आपणहून मुख्य भाराच्या दहा टक्के धरतो व तसे अहवालात लिहितो. काही गिऱ्हाईक या कागदाला कंटाळून दुसरीकडे गेले, अण्णांनी मात्र त्यात दोन ओळी स्वतः सुचवल्या. हा नमुना आम्ही आमच्यापुरता ठेवलेला नाही. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर भागातल्या कोणत्याही लहान डिझाइन फर्मला किंवा फाउंड्रीला तो हवा असेल तर उद्यमबागेतल्या कार्यालयात येऊन न्यावा. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.