घाम आला म्हणजे अंग तापलं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. फोंड्यात वाड्यावरच्या पोरांना मी फुटबॉल शिकवतो. एप्रिल लागला की कुणाचे ना कुणाचे वडील मैदानाच्या कडेला येऊन हेच विचारतात, "सर, नुसतं उभं राहिलं तरी घामाच्या धारा लागतात. मग वॉर्मअप कशाला?"

प्रश्न रास्त आहे, कारण उष्णतेचा फायदा खरोखरच होतो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मांडीचा स्नायू साधारण 34 ते 36 अंशांवर असतो, म्हणजे शरीराच्या आतल्या 37 अंशांपेक्षा थंडच. तो एका अंशानं तापला तर जोरात धावण्याची, उडी मारण्याची ताकद साधारण 2 ते 5 टक्क्यांनी वाढते. तापलेल्या स्नायूतले तंतू एकमेकांना भराभर धरतात आणि सोडतात, मज्जातंतूंतून संदेश लवकर पोचतो, रक्तातलं हिमोग्लोबिनही आपला ऑक्सिजन तिथं सहज सोडतं. गरम पाण्यात पाय बुडवून बसलात तरी यातलं काही मिळेल.

पण घाम असतो कातडीवर. आपल्याकडच्या दमट हवेत तो वाळत नाही म्हणून अंग निथळतं, त्यावरून आतली मांडी किती तापली हे कळत नाही. आणि आंब्याखाली बसलेल्या पोराला एकदम पळवलं तर त्याच्या हृदयाला, श्वासाला ती मागणी गाठायला वेळ लागतोच. ती तयारी ऊन करून देत नाही, हालचालच करून देते.

म्हणून उन्हाळ्यात मी वॉर्मअप सोडत नाही, आखडता घेतो. सावलीत आठ-दहा मिनिटं हळू धावणं, गुडघे उचलणं, शेवटी दोन-तीन जोरदार धावा. या हवेत त्याहून लांबवलं तर पोरं सामन्याआधीच दमतात. एकच स्नायू मिनिटभराहून जास्त ताणून धरणंही खेळाआधी नको, त्यानं ताकद काही वेळ कमी होते.

मला खरी धास्ती वाटते ती मध्यंतराची. 15 मिनिटं बसून काढली की मांडीचं तापमान सुमारे 2 अंशांनी उतरतं आणि धावण्याचा वेग घटतो. काही वर्षांपूर्वी एका सामन्यात मी पोरांना पूर्ण मध्यंतर बसू दिलं होतं. उत्तरार्धाच्या तिसऱ्याच मिनिटाला आमचा उजवीकडचा पोर मांडीचा मागचा भाग धरून खाली बसला. दीड महिना तो खेळला नाही. स्नायू दुखावण्याची कारणं अनेक असतात, तरी माझ्या मनातून ते गेलेलं नाही. तेव्हापासून मध्यंतराची शेवटची पाच मिनिटं पोरं उभी असतात, हलत असतात.

तेव्हा तुमचा मुलगा कोकम सरबत अर्धं ठेवून उठला, तर "बस रे जरा" म्हणून त्याला परत बसवू नका.